शीग

बेळगावातल्या माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक पायली आहे. फणसाच्या लाकडाची, काळी पडलेली, काठाला एके ठिकाणी उंदरानं कुरतडलेली. तिच्यात आता काहीच मोजलं जात नाही. तांदूळ पिशवीतून येतात, पिशवीवर किलो छापलेले असतात. तरी ती मी टाकलेली नाही. सुपं हे आमचं गाव सोडताना घरातलं जे सामान ट्रकमध्ये चढलं त्यात ती होती, आणि आईनं ती सामानात न ठेवता मांडीवर घेतली होती.

पायली भरण्याच्या दोन तऱ्हा असतात. धान्य काठापर्यंत भरून वरून हात फिरवला की झालं सपाट माप. हात न फिरवता ओतत राहिलं की काठाच्या वर धान्याचा डोंगर उभा राहतो आणि शेवटी दाणे चारी बाजूंनी घरंगळू लागतात. त्या डोंगराला शीग म्हणतात. पायलीचे चार शेर हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिगेचे किती हे कुणी सांगत नाही, कारण ते देणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं.

आमच्या आईचा एक नियम होता. उसनं देताना शिगोशीग द्यायचं, परत घेताना सपाट घ्यायचं. हा नियम तिनं कधी तोंडानं सांगितला नाही. मला तो कळला तो आम्ही घेणाऱ्यांच्या बाजूला होतो त्या वर्षी.

सुपं म्हणजे काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. उत्तर कन्नडातला, म्हणजे आमच्या आजोबांच्या भाषेत कारवार जिल्ह्यातला, घाटावरचा रानाचा मुलूख. 1956 पर्यंत आम्ही मुंबई राज्यात होतो. घरात मराठी, अंगणात कोंकणी, कचेरीत कानडी. पाऊस असा की आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही आणि चुलीतलं लाकूड धुरानंच डोळे फोडायचं. भात पिकायचं ते दऱ्याखोऱ्यांतल्या अरुंद पट्ट्यांवर. डोंगरउतारावर रान तोडून, जाळून त्या राखेत नाचणी पेरायची कुमरीची शेती पूर्वी कुणबी लोक करीत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या जंगलखात्यानं ती आवळत आवळत नेली. रान राहिलं, पण राखेतली नाचणी गेली. तेव्हा ज्येष्ठात पेरलेलं भात आश्विन-कार्तिकात हाती येईपर्यंत मधले महिने प्रत्येक घराची परीक्षा असायची. कणगीच्या तळाला झाडू लागला की तो आवाज शेजारच्या घरात ऐकू जायचा. मी अतिशयोक्ती करत नाही. रिकाम्या कणगीत हिराची केरसुणी फिरते तेव्हा तिचा एक खरखरीत, पोकळ आवाज येतो, आणि आषाढाच्या शांततेत तो लांबवर जातो.

त्या वर्षी तो आवाज आमच्या घरातून आला. वडील तापानं अंथरुणाला खिळले होते आणि खालच्या पट्टीतली रोपं पाण्यानं वाहून गेली होती. आईनं मला पायली दिली आणि ओढ्यापलीकडच्या वाडीवर एका कुणबी बाईकडे पाठवलं. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. गंमत म्हणजे आदल्या दोन वर्षांत तीच वहिनी आमच्याकडून उसनं न्यायला आली होती. मी इरल्याखाली पायली धरून दारात उभी राहिले आणि काय बोलायचं ते विसरले. तिनं काही विचारलं नाही. पायली माझ्या हातातून घेतली, आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा उकड्या तांदळाची शीग इतकी उंच होती की घरी येईपर्यंत मी एक हात वर झाकण धरावं तसा धरून चालले. वर फणसाच्या आठळ्यांची एक पुरचुंडी. तांबड्या मातीत घोळवून वाळवलेल्या आठळ्या. तशा ठेवल्या की त्या श्रावणापर्यंत टिकतात.

दिवाळीच्या सुमाराला आईनं मला परत पाठवलं. या वेळी आमच्या नव्या भाताचे तांदूळ, शिगोशीग. वहिनीनं पायली आपल्या सुपावर ठेवली, तळहात काठावरून सावकाश फिरवला, आणि जी शीग सुपात पडली ती माझ्या ओच्यात ओतली. म्हणाली, "हें तुजें गो बाय." घरी आल्यावर मी ओचा सोडला. आईनं ते तांदूळ पाहिले, काही न बोलता मडक्यात टाकले आणि पदरानं डोळे टिपले. धुरामुळे असेल असं मला तेव्हा वाटलं.

मोठी झाल्यावर मला वाढीदिडी हा शब्द भेटला. सावकाराकडून आषाढात मणभर भात उचललं की सुगीला दीड मण घालायचं. गरिबाच्या भुकेवर सगळ्या मराठी मुलुखात हे गणित चाललं. सावकाराची पायली देताना सपाट आणि घेताना शिगोशीग असे. आईनं आणि वहिनीनं तेच गणित उलटं मांडलं होतं. या दोन्ही बायका अक्षरशत्रू. त्यांनी संस्था काढली नाही, पावतीपुस्तक छापलं नाही. पण दर उसनवारीत मूठ-दोन मुठी धान्य ज्याच्याकडे कमी त्याच्या घरात उरत होतं, आणि ते दान आहे असं कुणाला म्हणता येत नव्हतं. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नव्हती. मी पुढे अन्नदानाच्या अनेक ठिकाणी गेले, पंगतीत वाढलं, पाकिटं बांधली. तिथे प्रत्येक वेळी मी आधी एकच गोष्ट पाहते: घेणाऱ्याची मान कुठे आहे.

आमच्या सुप्याच्या रानाची अन्नदानाशी एक जुनी गाठ आहे, आणि ती मला पुष्कळ उशिरा, एका जुन्या इंग्रजी नोंदीत सापडली. 1864 साली सुप्याच्या रानात कळक फुलला. काटेरी कळकाला पन्नासेक वर्षांत एकदा फुलोरा येतो, बेटंच्या बेटं एकदम फुलतात, बी धरतं आणि कळक वाळून मरतो. आपल्याकडे समज असा की बांबू फुलला की दुष्काळ येतो. त्या वर्षी झालं ते वेगळंच. कॅनराचे तेव्हाचे कलेक्टर शॉ स्टुअर्ट यांनी लिहून ठेवलं आहे की धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतून अंदाजे 50,000 माणसं ते बी वेचायला सुप्याच्या रानात आली. एकेक टोळी दहा ते चौदा दिवस राहिली आणि पावसाळ्याची बेगमी होईल इतकं बी, शिवाय विकायला थोडं, घेऊन परतली.

पन्नास हजार. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले. आज सगळ्या जोयडा तालुक्याची, म्हणजे पूर्वीच्या सुपा तालुक्याची, लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. तेव्हा तर वाघरांचं आणि हिवतापाचं रान. त्यात घाटमाथ्यावरून, काळ्या मातीच्या मुलुखातून माणसं चालत आली. ती अमेरिकेतल्या यादवी युद्धाची वर्षं होती. तिकडचा कापूस बंद पडल्यामुळे धारवाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि धान्य कडाडलं होतं. कापूस पिकवणाऱ्यांच्या मुलुखातूनच माणसं बांबूचं बी वेचायला आली. ते गव्हासारखं दिसतं, कांडून भातासारखं शिजवता येतं, दळून भाकरी करता येते. वेचायचं कसं? कळकाखालची जमीन झाडून, सारवल्यासारखी स्वच्छ करायची, पडेल ते गोळा करायचं आणि पाखडायचं. पाखडायला सूप. गावाचं नाव सुपं. या योगायोगावर मी काही इमारत उभी करत नाही, पण त्या रानात पन्नास हजार माणसांची सुपं एका वेळी हलत असल्याचा आवाज माझ्या कानात कितीतरी दिवस राहिला.

ती माणसं रात्री कुठे राहिली? पाणी कुणी दाखवलं? कुठल्या ओढ्याचं प्यावं, कुठल्या बेटाखाली अजगर असतो, कुठे हत्तींची वाट आहे, हे परमुलुखातल्या शेतकऱ्याला कसं कळलं? नोंदीत याबद्दल अक्षर नाही. कलेक्टरला माणसं मोजायची होती. पण मी त्या वहिनीच्या वाडीशेजारी वाढले आहे. दारात कुणी आलं तर आधी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा देणारी ती माणसं आहेत, त्यामुळे मला उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

सगळीकडे असं होत नाही हेही खरं. मिझोराममध्ये 1959 च्या सुमाराला बांबू फुलला तेव्हा बी खाऊन उंदीर वाढले, उंदरांनी शेतं फस्त केली, मोठा दुष्काळ पडला. लोकांची हाक दिल्लीपर्यंत वेळेवर पोचली नाही, आणि दुष्काळनिवारणासाठी निघालेल्या संघटनेतूनच पुढे वीस वर्षांचं बंड उभं राहिलं. एकच फुलोरा. एका रानात तो बेगमी झाला, दुसऱ्या रानात आकांत.

कळकाचीच आणखी एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. 1970 च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ उत्तर कन्नडातल्या बांबूचा अभ्यास करायला आले. बेटांच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. ते साफ केलं तर बांबू चांगला वाढतो अशी जंगलखात्याची समजूत होती, म्हणून ते काढलं जाई. गावकरी म्हणत होते, काटे काढू नका, ते नव्या कोंबांची राखण करतात. काटे गेले की कोंब गुरं खातात, रानातली जनावरं खातात. गाडगीळांनी बेटं मोजून पाहिली आणि गावकऱ्यांचं बरोबर निघालं. वाडीवरची उसनवारी मला या काट्यांच्या जाळ्यासारखी वाटते. बाहेरून आलेल्याला ती गचपण दिसते: कोण कुणाचं किती देणं लागतं याचा हिशेब नाही, कागद नाही, मुदत नाही. पण तिच्या आत कोंब सुखरूप असतात.

सपाट मापाचा सगळ्यात क्रूर दाखला आपल्या इतिहासात 1877 चा आहे. दख्खनच्या त्या महादुष्काळात सरकारी कामावरच्या मजुराला दिवसाला किती द्यावं हे ठरवायला सर रिचर्ड टेंपल आले आणि त्यांनी माप ठरवलं: एक पौंड धान्य, वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. हजारो मजुरांनी ती कामं सोडून दिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहून जुन्नर भागातल्या हालांची आणि सत्यशोधकांच्या कामाची हकीकत कळवली. मे महिन्यात जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर आवाहन केलं आणि धनकवडीच्या कॅंपात दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालला. टेंपल साहेबांच्या हातात सगळं सरकारी कोठार होतं. जोतीराव-सावित्रीबाईंच्या हाती वर्गणीची चिमूट. पण शीग कुणाच्या पायलीवर होती ते सांगायला नको.

आमच्या तालुक्यात शिगेचं आणखी एक ठिकाण आहे, उळवी. बाराव्या शतकात कल्याणात शरणांवर, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांवर, संकट कोसळलं तेव्हा चन्नबसवण्णा त्यांना घेऊन या रानात आले आणि इथेच त्यांची समाधी आहे. माघात जत्रा भरते. धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांच्या रांगा लागतात, म्हणजे 1864 च्या माणसांचीच वाट. शरणांच्या परंपरेत दासोह हा शब्द आहे. जे आपलं आहे ते आधी समूहाचं, मग आपलं. लहानपणी गाड्यांच्या मुक्कामावरून आम्ही पोरं उगाच फेऱ्या मारायचो आणि प्रत्येक गाडीतून कुणी आजी कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी हातावर ठेवायची. नाव, गाव, जात काही न विचारता. आमच्या भातखाऊ दातांना ती भाकरी चावायची नाही. आम्ही ती पाण्यात भिजवून खायचो.

मग धरण आलं. काळीवरचं सुपा धरण, 101 मीटर उंच, 1980 च्या दशकात पुरं झालं. संगम, बाजार, कचेरी, शाळा, ओढा, ओढ्यापलीकडची वाडी, सगळं पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं. बरीच माणसं रामनगरला वसली. कुणी दांडेलीला, कुणी हल्याळला, आम्ही पुढे बेळगावला. आमच्या पाण्यानं तयार झालेली वीज फार लांबवर जाते, आणि तिच्यावर कुणाची तरी गिरणी चालते, कुणाचा तरी दिवा लागतो, हे मला समजतं. फक्त एक नुकसान कुठल्याही पंचनाम्यात आलं नाही. घर मोजलं, विहीर मोजली, आंब्या-फणसाची झाडं मोजली. कोण कुणाकडून उसनं आणतं ते मोजायची पद्धत नव्हती. नव्या वसाहतीत सरळ रेषेत घरं होती आणि शेजारी दुसऱ्याच गावचे. पहिल्या आषाढात आई पायली घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. कुणाच्या दारात जावं ते तिला कळेना. मला वाटतं ती त्या दिवशी खरी विस्थापित झाली.

आता ते आषाढ राहिले नाहीत, आणि हे मी आनंदानं लिहिते. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळेत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, त्याच सुमाराला कर्नाटकात अक्षरदासोह सुरू झाला. उळवीच्या रानातला तो शब्द सरकारी योजनेवर आला आणि शाळेच्या पडवीत पातेलं चढलं. 2013 मध्ये अन्नभाग्य आलं, रेशनच्या तांदळानं कणगीच्या तळाचा तो आवाज थांबवला. ज्यांनी तो आवाज ऐकलेला नाही त्यांनी या योजनांना नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. हक्कानं मिळालेल्या तांदळापुढे मान ताठ राहते. काठोकाठ भरलेलं, न्याय्य, सपाट माप ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या बायकांना ती पिढ्यान्‌पिढ्या मिळाली नव्हती, म्हणून तर त्या शीग देत राहिल्या.

पण रेशनवर तांदूळ मिळतो, करांदे मिळत नाहीत. ते मिळतात जोयड्याच्या कंदमेळ्यात. गेली काही वर्षं कुणबी समाजाची मंडळी पौषातल्या थंडीत हा मेळा भरवतात आणि मी शक्यतो चुकवत नाही. मांडवात बायका हारीनं बसलेल्या असतात, पुढ्यात मातीसकट कंद. मुडली तर बघत राहावी अशी, अळूच्या जातीचा मांडीएवढा कंद. झाडकणंग, काटेकणंग, सुरण, रताळी, तऱ्हेतऱ्हेचे कोन. भाताच्या पट्टीच्या बांधावर, परसात, झाडाच्या बुंध्याशी हे लावलेलं असतं. वर पावसानं भात झोपवलं तरी खाली कंद पोसत असतो. सावकाराला कणगी दिसायची, भुईतला कंद दिसायचा नाही. तो केव्हा काढायचा, किती काढायचा, हे बाईच्या कुदळीला ठाऊक. या लोकांचा खरा अन्नसाठा असा जमिनीत आहे आणि तो बायकांच्या ध्यानात आहे. कुठला कंद राखेत ठेवला की पुढच्या पावसापर्यंत टिकतो, कुठला उकडताना पाणी दोनदा ओतून टाकावं लागतं, रानातला कुठला अजिबात खाऊ नये. गोव्यात याच कुणब्यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. सीमेच्या अलीकडे त्यांचे भाईबंद वर्षानुवर्षं तीच मागणी करत आले आहेत. मेळ्यातल्या भाषणांत ती निघते. बायका तेवढ्यापुरतं मान वर करून ऐकतात आणि पुन्हा कंदांवरची माती झटकू लागतात.

दोन वर्षांपूर्वी मी एका म्हातारीकडून मुडली घेतली. तिच्यापुढे इलेक्ट्रॉनिक काटा होता, नातवानं आणून दिलेला. आकडा लाल अक्षरांत दिसला, मी पैसे दिले. मग तिनं मला विचारलं, कुठली? मी म्हटलं, बुडालेल्या सुप्याची. तिनं वर पाहिलं. मी आमच्या वडिलांचं नाव सांगितलं, ओढ्याचं नाव सांगितलं. ती वहिनी नव्हती, वहिनी केव्हाच गेली. पण ओढा तिला ठाऊक होता. टोपलीच्या तळाला हात घालून तिनं तीन करांदे काढले, डोळे फुटू लागलेले, आणि काट्याला न लावता माझ्या पिशवीत टाकले. मी पैसे काढायला लागले तर म्हणाली, "बियाण्याचे पैशे घेनत गो." मी विचारलं, मग परत किती द्यायचे? तिनं एक बोट वर केलं. तिनाच्या जागी एक.

बेळगावात आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाल्कनीच्या कोपऱ्यात जुन्या ड्रममध्ये माती घालून मी तिन्ही करांदे लावले. दोन कुजले. एक ज्येष्ठाच्या पहिल्या पावसात उगवला आणि पानं हृदयासारखी, वेल सुतळीसारखा, आठवडाभरात हातभर चढू लागला. करांद्याचं असं की तो भुईत पोसतो आणि वेलावरही पानांच्या बेचक्यांत लोंबतो. श्रावणात वेल वरच्या मजल्याच्या खिडकीच्या गजांत शिरला. तिथे एक नवं कुटुंब राहायला आलं होतं, बिहारकडचं, नवरा बांधकामावर सुपरवायझर. जिन्यात त्या बाईनं मला गाठलं आणि जरा संकोचानं विचारलं की तुमचा वेल आमच्या खिडकीत आलाय, काढू का.

मी म्हटलं, काढू नका. मार्गशीर्षात त्याला जे लागेल ते तुमच्या बाजूचं तुमचं. मग मी घरात आले, स्टूल घेतलं, आणि फ्रिजवरची पायली खाली काढून पुसून ठेवली.